कुणीच न मागितलेली खुर्ची

९ जानेवारी

ठमे,

फोन तीनदा कापलास, म्हणून शेवटी पत्र. "फोनवर दादा बोलतो आणि मी ऐकते, कागदावर दोघांना सारखी जागा मिळते," हा तुझा निरोप तुझ्या वहिनीने जसाच्या तसा पोचवला. ठीक आहे, घे कागद.

विषय तुला माहीत आहे. आमच्या कंपनीला आपलं वर्कशॉप हवंय. बाबांनी काढलेली ती वळणदार पाठीची खुर्ची, तिचा साचा, वर्कशॉपचं नाव आणि खालची जागा, असं सगळं. जागेवर शोरूम उभी राहील. खुर्ची कारखान्यात बनेल आणि तू वर्षभरात करतेस तेवढ्या खुर्च्या एका दिवसात बाहेर पडतील. बाबांच्या मागे वर्कशॉप आपल्या दोघांच्या नावावर झालं, म्हणून सह्या दोघांच्या लागतात. माझी करून झाली आहे.

हे माझ्या नोकरीचं काम आहे हे मी लपवत नाही. विस्तार विभाग माझ्याकडे आहे आणि वाढ घडवून आणणं हा माझा धंदाच आहे. पण भाऊ म्हणूनही सांगतो. इतकी वर्षं त्या भुशात खोकत बसलीस, काय मिळवलंस? छप्पर गळतं. गाडी नाही. मागे आजारी पडलीस तेव्हा खासगी खोली घ्यायलाही नाही म्हणालीस. ही सही झाली की तुला आयुष्यभर हात हलवायला लागणार नाही. लक्ष्मी दारात आली असताना तोंड धुवायला जाऊ नये, एवढं तरी तुला कळत असेल.

कागद सोबत जोडले आहेत. खूण केली आहे तिथे सही कर. मार्चअखेर सगळं पुरं व्हायला हवं.

— दादा


१८ जानेवारी

दादा,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण फरशीवर भुसा आहे, तेव्हा उभ्या उभ्याच घे.

सही करणार नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे म्हणजे दोघं: आपला सुतार लंबू, जो अजून दाराच्या चौकटीला कपाळ आपटतो, आणि पॉलिशवाल्या मावशी. 'कंपनी', 'विस्तार', 'वाढ' असले शब्द किती येतात ते लंबू मोजत होता, मध्येच कंटाळून चहाला गेला. दादा, तुझे हात लाकडात वाढलेत, मग तुला हे सांगायची वेळ का यावी? झाड उभं असतं तोवर लाकडाची वाढ. खुर्ची झाल्यावर ते वाढायला लागलं तर आपण त्याला फुगलं म्हणतो, आणि सांधा फुटतो.

काय मिळवलं म्हणून विचारलंस. राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. ऐक. सकाळी दार उघडलं की कापलेल्या लाकडाचा वास येतो आणि मला बरं वाटतं. कालही वाटलं होतं, उद्याही वाटणार आहे. त्यात वाढ होत नाही आणि मला ती व्हायला नकोय. माझं भागतं. मी सुखी आहे, दादा. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटत नाही, मग वाचताना तुला का वाटावी? मी काही संत झालेले नाही. तुमच्या घरातल्या नळाला कधीही गरम पाणी येतं, त्याचा मला मनापासून हेवा वाटतो. छप्पर गळतं तेव्हा मी शिव्या देते. पण छप्पर गळतं म्हणून कुणी घर विकून टोपी घेत नाही.

आणि मोकळ्या खुर्चीचं काय करायचं म्हणतोस? तुझ्या कागदांत तिचा उल्लेख नाही. तू विसरला असशील म्हणून सांगते. महिन्यातली शेवटची दुपार आपल्याकडे ऑर्डरचं काम बंद. उरलेल्या लाकडातून पाळीपाळीने एकेकाने खुर्ची करायची, कुणीच न मागितलेली, जशी मनात येईल तशी. आणि झाली की जिथे लोकांना उभं राहावं लागतं तिथे नेऊन ठेवायची. नाव लिहायचं नाही, परत मागायची नाही. तुझा जन्म झाला तेव्हा बाबा इस्पितळाच्या दाराशी सकाळपासून उभे होते. खुर्च्या करणारा माणूस, आणि टेकायला स्टूल नाही! घरी आल्यावर पहिली मोकळी खुर्ची त्यांनी केली. ती अजून त्या दाराशी आहे. म्हणजे ती चाल तुझ्यामुळेच सुरू झाली, शहाण्या.

तुझे कागद परत पाठवत नाही. मागची बाजू कोरी आहे, माप टिपायला बरी पडते.

— ठमी


२९ जानेवारी

ठमे,

सुख! कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली की तो समाधानी होतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. ज्याला जमत नाही त्याने न जमण्यालाच तत्त्वज्ञान म्हणावं, म्हणजे झोप चांगली लागते.

तू सुखी आहेस, मान्य. पण ते सुख कुणाच्या जिवावर? मावशींचे गुडघे गेलेत, हे तूच पडलेल्या चेहऱ्याने वहिनीला सांगितलंस ना? लंबूच्या मुलीला पुढे शिकायचंय. ज्या दुपारी तुम्ही फुकटच्या खुर्च्या करता त्या दुपारी ऑर्डरचं काम केलं असतं तर त्यांच्या हातात जास्त पडलं नसतं का? त्यांना कधी विचारलंस, की मालकीणबाईंच्या समाधानात आपलंही पोट भरतं असं धरून चाललीस? स्वतः उपाशी राहायचा हक्क सगळ्यांना असतो. दुसऱ्याला आपल्याबरोबर उपाशी बसवण्याचा नसतो.

याचं उत्तर दे. भुशावरचे विनोद नकोत.

आणि हे शेवटचं सांगतोय. सही झाली नाही तर मला वाटणीचा दावा लावावा लागेल. कोर्ट जागा विकायला लावेल आणि मग चांगला भावही मिळणार नाही. आमची माणसं गेल्या आठवड्यात मोजमाप करून गेली, तू त्यांना चहा दिलास म्हणे, त्याबद्दल आभार. त्यांनी दोन गोष्टी कळवल्या. एक, छताच्या तुळईला खुर्चीचा एक अर्धवट सांगाडा टांगलेला आहे, भंगार आहे, तो काढून टाक. दोन, शहरभर ठेवलेल्या त्या मोकळ्या खुर्च्या आमच्या डिझाइनवाल्यांनी पाहिल्या आणि ते वेडे झाले. प्रत्येक वेगळी! नमुने म्हणून त्यांना त्या हव्यात.

— दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र नाकाला मिरच्यांसारखं झोंबलं. कारण अर्धं खरं होतं. दोन दिवस मी तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी काम थांबवलं आणि दोघांना समोर बसवून विचारलं.

लंबू म्हणाला, "मुलीला शिष्यवृत्ती मिळते का बघतोय, नाही मिळाली तर तुमच्याकडे येईन, तेव्हा नाही म्हणू नका." मावशी मात्र सरळ म्हणाल्या, "वीक." मी म्हटलं, "काय?" तर म्हणाल्या, "वीक म्हटलं ना. माझे गुडघे तुझ्या बाबांच्या खुर्च्यांनी खाल्ले. मला आता चांगला डॉक्टर हवाय." वर माझ्याकडे न बघता ब्रश धुवायला लागल्या.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मग मी तुझीच युक्ती पुढे केली. म्हटलं, मोकळी खुर्ची बंद करू, ती दुपार ऑर्डरला देऊ, त्याचे पैसे मावशींच्या पगारात घालू. दादा, त्या बाईने पॉलिशचा ब्रश फेकून मारला! माझ्या कपाळावर अजून तांबूस डाग आहे. "गुडघे माझे दुखतात, तुला कुठे काय दुखतंय?" म्हणाल्या. "सगळा महिना मी गिऱ्हाइकाला हवा तो रंग देते. त्या एका दुपारी मला हवा तो देते. माझी हिरवी खुर्ची बाजारच्या पायऱ्यांशी आहे, जाता येता मी तिच्यावर बसते आणि कुणाला सांगतही नाही की माझी आहे. ती विकून गुडघे आणू? हात तर लावून बघ."

मी म्हटलं, "अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात ना, वीक?" तर म्हणाल्या, "वर्कशॉप वीक म्हटलं. दुपार वीक म्हटलं का?" यावर तुझ्या कंपनीत काही उत्तर असेल तर कळव.

मग खरं बोलणं सुरू झालं, संध्याकाळपर्यंत भांडलो. भाव वाढवला. मधल्या दलालाला रामराम केला, तो आमच्या हातचं लोणी खाऊन आम्हाला ताक देत होता. त्यातून मावशींचा डॉक्टर निघेल. आणि दादा, भांडता भांडता एक गोष्ट उघड झाली. मावशी इतकी वर्षं उकिडव्या बसून पॉलिश करत होत्या. खुर्च्यांच्या वर्कशॉपमध्ये! चारी बाजूंनी खुर्च्या आणि मध्ये बाई उकिडवी. बाबांच्या, तुझ्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही. लंबूने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मापाची उंच बैठक आणि फिरता पाट करून दिला. हे श्रेय तुझं, तू टोचलं नसतंस तर आम्ही तसेच राहिलो असतो. मी चुकले ते मान्य करते. म्हणून सही करीन असं मात्र समजू नकोस.

राहिला तो भंगार सांगाडा. तो तुझा आहे. नोकरीवर गेलास त्या महिन्यात मोकळ्या खुर्चीची पाळी तुझी होती. "पुढच्या महिन्यात येऊन पुरी करतो," म्हणालास. एकाची मोकळी खुर्ची दुसऱ्याने पुरी करायची नाही हे बाबांचं म्हणणं, म्हणून त्यांनी ती तुळईला टांगली. तिच्यावरची धूळ मी दर वर्षी झटकते आणि दर वर्षी तुला नावं ठेवते.

दावा लाव. खुशाल लाव. पण त्या मोकळ्या खुर्च्यांकडे वाकड्या नजरेने बघू नकोस.

— ठमी


२७ फेब्रुवारी

ठमे,

थोडक्यात लिहितो.

कायद्याने त्या खुर्च्या वर्कशॉपच्या लाकडातून, वर्कशॉपच्या वेळेत झालेल्या आहेत. म्हणजे वर्कशॉपच्या, म्हणजे निम्म्या माझ्या. पुढच्या आठवड्यात ट्रक घेऊन मी स्वतः येतोय. नमुने गोळा करू आणि जाऊ. हॉटेलात उतरेन. तू मध्ये पडू नकोस, तमाशा नको.

दाव्याचे कागद वकिलाकडे तयार आहेत. अजून वेळ आहे. सही कर, ठमे. तुला वाटतं तितकं हे सोपं नाही.

— दादा


६ मार्च

दादा,

तू म्हणालास मध्ये पडू नकोस, मी पडले नाही. मला पडावंच लागलं नाही.

बसथांब्यावरचं मला भाजीवालीने सांगितलं. तुझी माणसं ट्रकमधून उतरली आणि खुर्चीवर बसलेल्या बाईंना म्हणाली, "उठा, ही खुर्ची कंपनीची आहे." बाई म्हणाल्या, "मग कंपनीला येऊन बसू दे." आणि मांडीवर पिशवी घेऊन जास्तच ऐसपैस बसल्या. त्यांची बस आली तेव्हा मागच्याने जागा घेतली. त्याची आली तेव्हा त्याच्या मागच्याने. एक बस तर तशीच उभी राहिली, कारण ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मलाही बसायचंय जरा." तू म्हणे गाडीत काचा वर करून बसला होतास. हात दाखवून अवलक्षण!

बाजाराच्या पायऱ्यांशी मावशी स्वतःच हिरव्या खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या, गुडघ्यांच्या नवीन डॉक्टरची चिठ्ठी हातात धरून. तुला बघून म्हणाल्या, "ये रे बाळा, केवढा झालास." तुझी माणसं तिथूनही हात हलवत गेली. खूप हसलो आम्ही. मग संध्याकाळी मी इस्पितळात गेले, बाबांची खुर्ची आहे का बघायला, आणि माझं हसू पळालं.

तिथे काय झालं ते तू मला सांगणार नाहीस. मला दारवानाने सांगितलं. हाताला प्लास्टर घातलेली एक बाई बसली होती. तू माणसांना मागे ठेवून एकटाच पुढे गेलास. तू तोंड उघडायच्या आत ती उठली आणि म्हणाली, "तुम्ही बसा, तुमचा चेहरा पांढरा पडलाय." आणि तू बसलास. दारवान म्हणाला, साहेब बसले ते बसलेच. भेटीची वेळ संपली तरी उठेनात, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ट्रकवाल्याला हातानेच जा म्हणाले. ट्रक रिकामा गेला.

दादा, काय झालंय? छातीत दुखतं का? तपासून घ्यायला आला होतास का तिथे आणि मला सांगितलं नाहीस? मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की दोन कागद फाडून हा तिसरा लिहितेय. आपल्या गावात येऊन हॉटेलात उतरतोस, बहिणीकडे न येता परक्यांसमोर रडतोस! कसला भाऊ तू?

सही करणार नाही. पण तू बरा आहेस एवढी एक ओळ तरी पाठव.

— ठमी


१४ मार्च

वन्सं,

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि खिशात ठेवलं. तेव्हापासून शर्ट बदलला की ते पत्रही नव्या खिशात जातं.

छातीचं काही नाही, काळजी करू नका. गोष्ट वेगळी आहे. डिसेंबरात कंपनीने यांना सगळ्यात वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथे एक लांब बोळ आहे, शेवटी एक बंद खोली. ज्यांना काढायचं त्यांना तिथे बोलावतात. त्या बोळात बसायला काही नाही. मुद्दामच काही ठेवत नाहीत, लोक रेंगाळू नयेत म्हणून. देशभर खुर्च्या विकणारी कंपनी, आणि तिथे टेकायला नाही! हे सकाळपासून हातात फाइल घेऊन उभे होते, पुढेमागे आणखी माणसं, कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. आत गेल्यावर सांगितलं, वाढ थांबली आहे म्हणून विस्तार विभाग बंद करतोय. मार्चअखेर बहिणीचं वर्कशॉप आणलंत तर तुमची जागा राहील, नाहीतर नाही.

तेव्हापासून वर्कशॉपचं काम नसेल त्या दिवशी हे वेळेवर तयार होऊन निघतात आणि आमच्याच इमारतीच्या तळघरात गाडीत बसून राहतात. मला शेजारणीने सांगितलं. मी अजून त्यांना विचारलेलं नाही, संध्याकाळी आले की "आज उशीर झाला का?" एवढंच म्हणते.

मला वाटलं होतं, तुम्हाला हे कळलं तर तुम्ही सही कराल. म्हणूनच इतके दिवस गप्प बसले. माझा नवरा आहे, त्याला खाली मान घातलेलं बघवत नाही. पण आता सांगते ते ऐका. सही करू नका. केलीत तर हे परत तिथेच जातील, आणि पुढच्या वर्षी त्याच बोळात उभे राहतील, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला बहिणीचं काही उरलेलं नसेल. माझी नोकरी आहे. हे मोठं घर सोडायला मी तयार आहे, गरम पाण्याचा तो नळ तुम्हाला पाठवून देते हवा तर. मला माणूस घरात हवाय. इतकी वर्षं पगार घरी येत होता, माणूस येत नव्हता.

— तुमची वहिनी


२० मार्च

दादा,

वहिनीवर चिडू नकोस. चिडलास तर मावशींना पाठवीन, ब्रशसकट.

मला सगळं कळलं. कळल्यावर मी काय केलं ते खरं सांगते. तुझे कागद शोधून काढले. मागे स्टुलाची मापं लिहिली होती, पुढे खूण होती. पेन हातात घेतलं. तुझं नाव असलेली ओळ दिसली, आणि लहानपणी माझ्या बोटात कुसळ गेलं की तू तोंडाने फुंकर घालत सुईने काढायचास ते आठवलं. सही करणारच होते. वर्कशॉप काय, लाकूड आहे, भाऊ एकच आहे, असं मनात आलं.

मग पेन ठेवलं. आणि आता नीट ऐक, कारण हे मी रागाने लिहीत नाही.

मी सही करणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा करणार नाही. तू बाबांच्या खुर्चीवर बसून रडलास आणि ट्रक रिकामा पाठवलास. कंपनीचा माणूस असं करत नाही. ते ज्याने केलं तो माझा भाऊ, आणि त्याला मी त्या बोळात परत पाठवणार नाही. तुला जागा जाण्याची भीती वाटते ना? वाटू दे. मलाही वाटते, दर महिन्याला वाटते. भीती वाटत असताना माणूस सुखी असू शकतो, हे मला इथेच कळलं. तुम्हाला तिकडे उलटं शिकवलं, की आधी सगळी भीती संपेल एवढं मिळवा आणि मग सुखी व्हा. कुणाची संपली रे? तुझ्या वरच्या साहेबाची संपली का?

दावा लावायचा असेल तर लाव. मी कोर्टात येईन, मावशींना साक्षीला आणीन आणि न्यायाधीशांना बसायला खुर्ची घेऊन येईन. पण त्याआधी इकडे ये. हॉटेलात उतरलास तर तंगडं मोडीन. तुळईवरचा तो सांगाडा उतरव आणि पुरा कर. पगार मिळणार नाही. चहा मावशींच्या हातचा मिळेल, आणि तो वाईट असतो. लंबू हसेल तुला, कारण तुझे हात आता मऊ झालेत. हसू दे.

वहिनीलाही आण. नळ राहू दे तिकडेच.

— ठमी


३ मे

ठमे,

तुझ्याकडून परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. बोटं अजून दुखतात, म्हणून अक्षराला हसू नकोस. तुझा लंबू हसला तेवढं पुरे. सांगाडा खाली घेतल्या घेतल्या माझ्या जुन्या सांध्याकडे बघून "हे कुणी केलंय, नीट केलंय," म्हणाला, आणि मी आता केलेल्याकडे बघून नुसता रंधा माझ्याकडे सरकवला. मावशी मात्र बोलल्या. रंग कुठला देऊ विचारलं तर म्हणाल्या, "तुझी खुर्ची, मला काय विचारतोस? इतकी वर्षं साहेब होतास ना?" मला ठरवायला पुरी दुपार लागली. कुणी उद्दिष्ट ठरवून दिल्याशिवाय मला काही ठरवताच येत नाही, हे मला तिथे कळलं आणि फार वाईट वाटलं. मग लाल दिला. का ते सांगता येणार नाही. आवडतो म्हणून.

तू विचारलं होतंस, कुठे ठेवणार? मी बघतो म्हणालो होतो. तेव्हाच ठरलं होतं, पण बोलायचं धाडस झालं नाही.

सोमवारी कंपनीत गेलो. माझे कागद संपवायचे होते आणि दाव्याचे कागद वकिलाकडून घेऊन फाडायचे होते. दुसरं आधी केलं. मग गाडीतून खुर्ची काढली, खांद्यावर घेतली आणि लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो. लिफ्टमधली माणसं बाजूला सरकली. कुणी काही विचारलं नाही, फर्निचरची कंपनी आहे, त्यांना वाटलं नमुना असेल.

बोळात पाचसहाजण उभे होते. हिशेबखात्यातली एक मुलगी होती, पोटुशी, एक हात भिंतीला लावून. मी खुर्ची तिच्या शेजारी ठेवली. चौकीदार धावत आला. "साहेब, ही कुणी मागवली?" मी म्हटलं, "कुणीच नाही." "मग इथे कशाला?" मी म्हटलं, "माणसं उभी आहेत म्हणून." त्याला यातलं काहीच उमजेना. त्याने आत जाऊन सांगितलं.

मोठे साहेब स्वतः बाहेर आले. मला बघून त्यांना वाटलं, मुदत टळल्यावर का होईना मी सह्या घेऊन आलोय, हसले. मग खुर्ची दिसली. "हे काय? उचला हे इथून," म्हणाले. चौकीदार पुढे झाला. ठमे, मी आयुष्यात त्या माणसासमोर कधी मान वर केली नव्हती. मी तोंड उघडणार एवढ्यात ती मुलगी खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर घेतली. साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. "मला उभं राहवत नाहीये," एवढंच म्हणाली, आणि डोळे मिटून मागे टेकली. चौकीदार थांबला. साहेब आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी माझे कागद संपवले, ओळखपत्र दिलं आणि निघालो. मोठं घर सोडतोय आम्ही. रात्री भीती वाटते, तुझ्या वहिनीला तसं सांगतो, ती म्हणते सांगितलंत हेच खूप झालं. पुढे काय करणार ते माहीत नाही. तुझ्याकडे नोकरी मागत नाही, माझे सांधे पाहिलेस तू. पण महिन्याची शेवटची दुपार मोकळी ठेवतोय, पाळी लाव माझी.

जाताना बोळाच्या टोकाशी वळून पाहिलं होतं. मुलीला आत बोलावलं होतं, आणि तिच्या जागी गोदामातला एक जाडजूड मुकादम बसायला जात होता. माझा जीव खालीवर झाला. मागचा डावा पाय मी दोनदा चुकीचा कापला होता, तुला माहीत आहे. तो बसला, जोरात बसला.

खुर्ची हललीसुद्धा नाही.

— दादा